घरचा बोजा आधी

नत्थुजी पारखी मेला तो सख्ख्या मुलाच्या हातून. भर दुपारी, स्वतःच्या अंगणात, गाडीच्या कडेच्या लाकडी उभारीचे तीन घाव डोक्यात बसून. गावाला सांगितलं गेलं ते निराळं. म्हातारा भरल्या गाडीखाली सावलीला निजला होता, टेकू निसटला आणि गाडी डोक्यावर बसली, असं देवीदासनं सांगितलं आणि बार्शीटाकळीनं ते मानलं. न मानायला काय झालं होतं? समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात गोरे गोऱ्यांना कापत होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला असे सोन्याचे दिवस आले होते की माणसाला दुसऱ्याकडे बघायची फुरसत नव्हती. अकोल्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. पुढे घुसण्यापायी लोक एकमेकांच्या बैलांवर चाबूक ओढायचे, एकमेकांची डोकी फोडायचे. त्यात एका म्हाताऱ्याच्या कवटीची विचारपूस कोण करणार?

खरं माहीत असलेली माणसं तीनच. एक मारणारा देवीदास. दुसरी, ओट्यावर सूप घेऊन बसलेली आणि सगळं डोळ्यांनी पाहिलेली त्याची बायको दुर्गाबाई. तिसरी त्यांची मुलगी मनकर्णा. ती अमरावतीला दिलेली. निरोप घेऊन स्वार गेला, ती तीन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेत पाचव्या दिवशी पोचली. तोवर आजोबाची राखसुद्धा उरली नव्हती. अंगणात पाय टाकताच मायनं तिला हाताला धरून गोठ्यात नेलं.

"गाडी नाही पडली वं," दुर्गाबाई म्हणाली. "तुह्या बापानं मारलं. बोजा ओला हाये, म्हने बुढा. उद्या अकोल्यात चार लोकांत सांगतो, म्हने. तवा मारलं."

मनकर्णा ओरडायच्या आत मायचा तळहात तिच्या तोंडावर बसलाही होता.

"गिळ. आता हे गिळ. तुले माही आन हाये. तो फासावर गेला त म्या रांडकीनं कोठं जा?"

मनकर्णानं मायचा तळहात दातांनी चावला, इतका की रक्त आलं. माय हलली नाही. शेवटी पोरीनंच तोंड मिटलं, आणि मग गाईच्या मानेवर डोकं टेकून ती उभी राहिली. रडू येत नव्हतं.

तिच्या आबाजीला अकोल्याच्या बाजारात ओळखत नव्हता असा माणूस नव्हता. तो कापसाचा पारखी. गाडीवरून कापसाचा शिवलेला बोजा खाली उतरला की नत्थुजी बंडीची उजवी बाही वर सारायचा, शिवणीत बोटं घालून वाट करायचा आणि हात खांद्यापर्यंत आत खुपसायचा. डोळे मिटायचा. क्षणभरानं हात बाहेर यायचा आणि तोंडातून एक शब्द पडायचा. कोरडा. ओला. नाहीतर दगड. दुसरी भाषा नाही. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे आणि मध्ये दगड दडवणारे त्या साली काही कमी नव्हते. पण नत्थुजीचा शब्द पडला की विकणाराही गप्प आणि घेणाराही गप्प. मुंबईचे दलालसुद्धा म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

तोंडाचं म्हणाल तर आवाज घोगरा, खरखरीत, जात्यात खडा अडकल्यासारखा. त्याचीही कथा होती. नत्थुजी सोळा वर्षांचा असताना गावावर पेंढारी आले. घरात सोनं कुठे पुरलंय, म्हणून त्यांनी त्याला झाडाला बांधून विचारलं. हा म्हणाला, "आमच्या घरी नाही." ते खरंच होतं. मग शेजारच्या घरचं विचारलं. दुसऱ्या कुणीही 'मला काय ठाऊक' म्हणून सुटका करून घेतली असती. हा पठ्ठ्या म्हणाला, "माहीत हाये. पन सांगत नाही." मग काय, घोड्याचा चंदीचा तोबरा गरम राखेनं भरून त्याच्या तोंडाला बांधला आणि पाठीवर भाल्याच्या दांड्यानं बडवलं, म्हणजे श्वासागणिक राख आत जावी. घसा जळाला तो जन्माचा. आठ दिवसांनी उठून बसला, तेव्हा ज्याचं सोनं वाचलं त्या शेजाऱ्यानं गूळ आणून दिला. पण आईनं गुळाचा खडा देता देता थोबाडीत एक ठेवून दिली. म्हणे, मेल्या, माहीत नाही म्हणता येत नव्हतं का? ही गोष्ट आबाजी मनकर्णाला हसत हसत सांगायचा आणि ती दर वेळी त्याच्या गळ्यावरून हात फिरवायची.

पोरगी सहा वर्षांची झाली तसा तो तिला बोज्यापाशी उभी करू लागला. "डोळे मीट मनू. तू नको बोलू, हाताले बोलू दे." ओला कापूस वरून कोरडा दिसतो, पण पोटात तापतो, हे ती लुगडं नेसायच्या आधी शिकली होती. तिला पाहायला अमरावतीचे पाहुणे आले, तेव्हा नत्थुजीनं पान पुढे करत सरळ सांगितलं, "पोट्टी कामाची हाये. पन भाकर जाड करते, अन् तोंडाची फटकळ हाये. मागून मले बोल लावू नका." आत दुर्गाबाईनं कपाळ बडवून घेतलं. होणारी सासू मात्र खोखो हसली. म्हणाली, जाड असली तर बरीच, आमची पोरं एका भाकरीत उठतील. लग्न झालं, गाडी निघाली, आणि म्हातारा मूर्तिजापुरापर्यंत गाडीमागून पायी आला. निरोपाचं बोलला काय, तर, "रडू नको. रडताना तुहं तोंड लय खराब दिसते." आणि स्वतः तिथेच रस्त्यात बसून पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत राहिला.

अशा माणसाला मार न मिळता तरच नवल. एका बड्या व्यापाऱ्याच्या बोज्यात हात घालून तो एकदा "दगड" म्हणाला. दुपारी चौघांनी त्याला बाजारामागच्या नाल्यात ओढलं आणि ज्याला त्यानं दगड म्हटलं होतं, त्याच दगडानं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली. एक एक करून. दुसऱ्या दिवशी हा हाताला फडकं बांधून हजर. तोच बोजा, तोच हात. आत घालताना ओठ पांढरे पडले, फडक्यातून रक्त गळून कापूस लाल झाला. हात बाहेर काढून म्हणाला, "दगड. कालचेच हायेत, काढले नाहीत अजून." सगळा बाजार हसला आणि मग एकदम पेटला. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या उभाऱ्या उपसल्या. त्या चौघांपैकी एकाचा गुडघा कायमचा गेला, एकाचा डोळा गेला. व्यापारी बोजे टाकून पळाला.

त्या दिवशी गर्दीतून कुणीतरी ओरडलं होतं, लोकांचे बोजे उघडतोस, तुझ्या घरचा कोण उघडतो? नत्थुजीला ते लागलं. तेव्हापासून त्यानं कायदाच केला. हंगामाच्या पहिल्या दिवशी घरचा बोजा आधी. सगळ्या बाजारादेखत स्वतःच्या घरच्या बोज्यात हात घालायचा आणि असेल ते बोलायचं, मगच दुसऱ्याच्या मालाला शिवायचं. एका साली स्वतःच्याच बोज्याला "कचरा" म्हणाला आणि दिवसभर बाजारात फतकल मारून पाला वेचत बसला.

म्हातारा देवमाणूस होता, असं मात्र कुणी समजू नये. देवीदासशी तो वाईट वागला. देवीदास चाळिशीचा, बायकोपोराचा धनी. दोन वर्षांमागे त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या आणि कापसावर चार तांबे पाणी शिंपडलं. तेही त्या हंगामात सगळे शिंपडत होते म्हणून. बाजारात बोजा उघडला आणि बापानं "ओला" म्हटलं, इथवर ठीक होतं. पण पुढे त्यानं मुलाला सगळ्यांसमोर खण्णदिशी कानफटात मारली. "बैलाले चांदी अन् कापसाले पानी," म्हणाला, "लेका, तुह्यापेक्षा बैल बरा." लोक पोटं धरून हसले. देवीदासच्या कानातून रक्त आलं आणि त्या कानानं त्याला पुढे नीट ऐकू आलं नाही. ते हसू मात्र त्याला रोज ऐकू येत राहिलं.

यंदा हंगामाच्या आदल्या दिवशी अंगणात गाडी भरली जात होती. म्हाताऱ्याला बोज्याचा वास आला. बाही वर सारून त्यानं हात खांद्यापर्यंत घातला. "ओला," म्हणाला. देवीदास म्हणाला, आबा, या खेपेला गप राहा, पाया पडतो. तो खरोखरच पाया पडला. म्हातारा म्हणाला, "उद्या अकोल्यात पयला हाच बोजा उघडन, अन् मी हेच म्हनन. तुले लाज असंन त रातच्या आत वाळव." त्याचा हात अजून आतच होता. देवीदासनं गाडीची उभारी उपसली. पहिला घाव बसल्यावर म्हाताऱ्यानं वळून पाहिलं, पण हात निघाला नाही. दुसरा बसला तेव्हा तो बोज्याला टेकला. तिसरा मारायची गरज नव्हती, असं दुर्गाबाई म्हणाली. तरी मारला.

अग्नी देवीदासनंच दिला. डोकं भादरलं, हंबरडा फोडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, आणि मनकर्णाला तेच सहन होत नव्हतं. दहाव्याला घाटावरून आल्यावर तिनं त्याला पाणी दिलं नाही. त्यानं ओळखलं. चुलीपाशी येऊन त्यानं तिचं मनगट धरलं आणि बांगड्या फुटेस्तोवर पिळलं.

"मायनं काई सांगितलं तुले?"

"तुमीच सांगा न, बाबा. काय सांगाचं होतं?"

"तेरवीले बाजारवाले येऊन राहिले," तो म्हणाला. "मले पारख्याचं पागोटं बांधतील. तू चुलीपाशी राहाजो. तोंड उघडलं त तुही मैत बी इथूनच काढीन."

मनगटात काचेचे तुकडे रुतले होते. ते काढताना मनकर्णाला उमगलं की बाप फासावर जावा, ही तिची इच्छाच नव्हती. मायची आण होती, आणि काही झालं तरी तो बाप होता. पण पागोटं! उद्यापासून आबाजीच्या जागेवर हा उभा राहणार. आबाजीच्या बोज्यावर आबाजीचा शब्द हा उच्चारणार, आणि लोक मान डोलावणार. म्हाताऱ्याला एकदा मारलं ते पुरे नव्हतं, आता रोज मारणार. हे तिला गिळवेना.

तेरवीला अंगण भरलं. जेवणं उरकली. बाजाराच्या वतीनं अब्दुल रहीम पुढे आले. जातीनं पिंजारी, सत्तरीचे, नत्थुजीचे चाळीस वर्षांचे दोस्त. ताटात पांढरं शुभ्र पागोटं होतं. देवीदास पाटावर मान खाली घालून बसला.

"बांधतो बेटा," रहीमचाचा म्हणाले. "पन तुमच्या बुढ्याचा कायदा हाये. घरचा बोजा आधी. हात घाल, बोल, मंग बांधतो."

"घरी बोजा नाही, चाचा. सुतकात होतो आमी."

"हाये," चुलीकडच्या दारातून मनकर्णाचा आवाज आला. "मधल्या खोलीत हाये."

दुर्गाबाईनं मागून लेकीच्या दंडाला चिमटा घेतला तो मांस सुटेपर्यंत. तोवर चार जण आत गेलेही होते. तेरा दिवस बंद खोलीत भिंतीला लावून ठेवलेला तो बोजा त्यांनी लोटत लोटत अंगणात आणला. त्याच्या एका अंगाला, काही झाकायला फासावं तसं, शेण फासलेलं होतं. आंबूस वास सुटला होता, पण जेवणावळीच्या गर्दीत तो कुणाच्या ध्यानी आला नाही.

देवीदासनं हात घातला. कोपरापर्यंतच. त्याच्या भादरलेल्या टाळूवर घामाचे थेंब फुटले. आत काय लागलं ते त्याचं त्याला ठाऊक. झटक्यानं हात काढून तो म्हणाला, "कोरडा."

"अल्ला भलं करो," म्हणत रहीमचाचांनी पागोटं उचललं.

मनकर्णा अंगणात उतरली. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, उजवा हात उघडा. बायका 'अगं अगं' करेपर्यंत ती बोज्यापाशी पोचली होती. शिवणीत बोटं घातली, हात खांद्यापर्यंत खुपसला आणि डोळे मिटले. आत तापानं फणफणलेल्या माणसाच्या काखेसारखं गरम होतं. बोटांना काहीतरी चिकटून वाळलेलं, कडक लागलं. ते काय होतं, हे हातानं तिला सांगितलं.

"ओला," ती मोठ्यानं म्हणाली. "तापला हाये पोटात. आबाजीनं बी हेच म्हटलं होतं. त्याचा शेवटचा हात ह्याच्यातच होता."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. देवीदासला मात्र कळलं. तो पाटावरून उठला, दारातल्या गाडीची उभारी उपसली आणि मध्ये येणाऱ्या दोघांना आडवं करत आला. मनकर्णाला हात काढायला सवड मिळाली नाही. घाव मानेला लागून खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ओट्यावरच्या बायकांनीही ऐकला. ती बोज्याला टेकली. हात आतच. देवीदासनं उभारी पुन्हा वर नेली.

"असंच!"

हा आवाज कुणाचा, हे गावाला चटकन ओळखता आलं नाही. पंचवीस वर्षांत दुर्गाबाई नवऱ्यादेखत कधी मोठ्यानं बोललीच नव्हती. ती ओट्यावरून खाली आली होती, डोक्यावर पदर नव्हता.

"असंच मारलं बुढ्याले! हात आत असताना मारलं! गाडी नाही पडली, कोनाची गाडी पडली नाही! मी पायलं! आता पोरीले बी मार, अन् मंग मले मार!"

देवीदासचा हात वर होता तो तसाच राहिला. तेवढा वेळ पुरे झाला. लोक तुटून पडले. लाथा, बुक्क्या, गाडीचे दोर, हाताला येईल ते. त्याचे पुढचे दात पाटावर सांडले. दुसराही कान फुटला. तो ओरडत नव्हता, नुसता "आबा, आबा" म्हणत होता. मेलाच असता, पण रहीमचाचा त्याच्या अंगावर आडवे पडले आणि दोन बुक्क्या स्वतःच्या पाठीवर घेऊन ओरडले, "बस करो! याले कचेरीत नेऊ. नत्थू खून करत नव्हता, खरं बोलत होता." बांधायला दोर मिळेना, सगळे दोर हातात आणि रक्तात होते. तेव्हा रहीमचाचांनी मातीत पडलेलं ते पांढरं पागोटं उचललं आणि त्यानंच देवीदासचे हात पाठीशी बांधले. देवीदासला त्याच्याच गाडीत घालून अकोल्याला नेलं. शिंगांच्या चांदीच्या शेंब्या उन्हात चमकत गेल्या.

बोजा कुणी नीट उघडला नाही. चार बाप्यांनी तो गावाबाहेर नेऊन जाळला. ओला म्हणून दोन दिवस धुमसत राहिला.

गावातल्या वैदूनं मनकर्णाचा खांदा बांबूच्या कामट्या लावून बांधला. दिवस कलला तशी पाहुणे मंडळी घाईघाईनं निघून गेली. असल्या घरात कोण थांबतो? तेरवीचं सगळं अन्न अंगणात उलथलं होतं. दुर्गाबाईनं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, आणि लेकीला मांडीशी घेऊन घास भरवू लागली.

"जाड झाली, माय," मनकर्णा चावता चावता म्हणाली.

दुर्गाबाईचा हात थांबला. तिनं भाकरीकडे पाहिलं. घाईत थापलेली, कसली पातळ होणार? ती हसू लागली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. लेकही रडली, तेरा दिवसांत पहिल्यांदा, तोंड वेडंवाकडं करून, खांद्यातून कळा येत असताना.

"आता म्या कोठं जा वं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"माह्यासंग. अमरावतीले."

"तुही सासू काय म्हनन?"

मनकर्णानं डाव्या हातानं नाक पुसलं.

"आठ दिवस तोंड वाकडं करन," ती म्हणाली. "मंग नाही करनार. तुले खोटं कायले सांगू?"

दुर्गाबाईनं मान हलवली, आणि पुढचा घास मोडला.